बोटांची विद्या आणि गाण्याची स्मृती

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतण्याने आम्हांस आपल्या खोलीत बोलावून आठ तारांच्या गिटारीवर काही वाजवून दाखविले. साधी गिटार सहा तारांची. हिला खर्जाच्या बाजूस दोन जाड तारा अधिक, आणि त्यांचा नाद असा की, खिडकीची तावदाने थरथरावी. मुलाने डोळे मिटले नाहीत, मानही डोलविली नाही. समोर पडद्यावर मेट्रोनोमचा ठोका पडत होता, त्यावर नजर खिळवून त्याने अर्धा मिनिटभर असे काही वाजविले की, उजव्या हाताची बोटे डाव्या हाताच्या बोटांमागे धावत आहेत की उलट, हेच आम्हांस कळेना. आम्ही मनापासून शाबासकी दिली आणि म्हटले, "छान! आता सगळे गाणे वाजव पाहू." तो गोंधळला. "काका, गाणे नाही हो, त्यातला हा एवढा भागच बसवलाय. चार महिने लागले." "बरे, मग या भागाच्या पुढे गाण्यात काय होते?" त्याने क्षणभर विचार केला व प्रांजळपणे सांगितले की, पुढचे त्याला नीटसे आठवत नाही.

हे उत्तर आमच्या मनातून अद्यापि गेलेले नाही. ज्या कृतीच्या सहवासात चार महिने घालविले तिच्यात पुढे काय होते हे आठवू नये, यात दोष शिकणाऱ्याचा म्हणावा की कृतीचा? मुलगा मठ्ठ नाही. लहानपणी एकदा ऐकलेली आरती तो दुसऱ्या दिवशी चालीसह म्हणत असे. तेव्हा शंका कृतीकडेच वळते. परंतु अशा शंकेवर एकदम विसंबणे बरे नव्हे, म्हणून ज्या संगीतप्रकारातील तो 'भाग' होता त्या प्रकाराचाच थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस 'प्रोग्रेसिव्ह मेटल' हे नावच परके वाटेल. त्यांच्यासाठी दोन शब्द. १९६९ च्या सुमारास इंग्लंडात 'किंग क्रिम्सन'सारख्या संचांनी रॉक संगीतात लांबलचक रचना, विषम ताल आणि पाश्चात्य शास्त्रीय संगीतातील बांधणी आणिली. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'ने जड, काळोख्या नादाच्या गिटारीचे संगीत निर्माण केले, त्यास पुढे मेटल म्हणू लागले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या दोन प्रवाहांचा संगम झाला. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्धीस आलेला संच 'ड्रीम थिएटर' होय. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील जॉन पेट्रुची, जॉन म्यंग व माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी १९८५ साली तो उभारिला. विद्यालयातून निघालेले संगीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मेटलच्या इतर शाखा कारखान्यांच्या गावांतून, तळघरांतून आणि दारूच्या गुत्त्यांतून निघाल्या. ही शाखा रियाजाच्या खोलीतून निघाली, आणि त्या खोलीचा वास तिला कधी सोडून गेला नाही.

या संगीताच्या रसिकांत एक जुना तंटा आहे. एक पक्ष म्हणतो, ही नुसती कसरत; घरी जाताना गुणगुणावयास ओळ मिळत नाही. दुसरा म्हणतो, ज्यांचे कान आळशी त्यांनाच गुणगुणावयास ओळ लागते. पहिल्या पक्षाकडे आमचा पूर्वी कल होता. आज आम्हांस तो अपुरा वाटतो, आणि तो का, हे सांगण्यास ड्रीम थिएटरचा १९९९ सालचा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा एकच अल्बम पुरेसा आहे.

या अल्बमला आरंभापासून अखेरपर्यंत कथा आहे. निकोलस नावाचा माणूस संमोहनाच्या अवस्थेत आपल्या पूर्वजन्मात डोकावतो. तेथे त्यास १९२८ साली खून झालेली व्हिक्टोरिया ही तरुणी भेटते आणि ती आपणच होतो असे त्यास उमगते. पुनर्जन्माचे अप्रूप आपल्याकडे कोणास वाटणार नाही. कथानक म्हणून त्यात बरेच नाटकी आहे, तेही सोडून देऊ. मौज पुढेच आहे. या अल्बमात नववी रचना 'द डान्स ऑफ इटर्निटी' ही निःशब्द, केवळ वाद्यांची. आणि अकरावी 'द स्पिरिट कॅरीज ऑन' हे संथ गीत. पहिलीत जेमतेम सहा मिनिटांच्या अवधीत तालाचे माप शंभराहून अधिक वेळा बदलते. दुसरे असे सरळ की, त्यातील चाल गाणे न शिकलेला माणूसही दोनदा ऐकून म्हणू शकेल. शेवटी त्यास समूहस्वरांची साथ मिळते आणि पेट्रुची गिटारीवर जे वाजवितो त्यात बोटांच्या वेगापेक्षा स्वर लांबविण्यालाच महत्त्व आहे. तेच वादक, तोच अल्बम, मध्ये एकच गाणे. तंट्याचे दोन्ही पक्ष जणू शेजारी शेजारी बसविले आहेत.

आता 'द डान्स ऑफ इटर्निटी'विषयी रसिकांस काय आठवते ते विचारून पाहावे. जो तो आधी ती संख्या सांगतो. नंतर मध्येच अवचित येणारा, जुन्या अमेरिकन करमणूकगृहातला वाटावा असा रॅगटाइम पियानो आठवतो. एखाद्या कृतीची आठवण म्हणून आकडा शिल्लक राहावा, हे एखाद्या माणसाची आठवण त्याच्या वजनावरून ठेवण्यासारखे आहे. परंतु येथेच पहिल्या पक्षाने घाई करू नये. या रचनेतील स्वरबंध सर्वस्वी नवे नाहीत. संचाच्या १९९२ सालच्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमातील 'मेट्रोपोलिस' या गाण्याचे तुकडे तीत डोकावतात, आणि तिचे नावही त्या गाण्याच्या शेवटच्या शब्दांतूनच उचललेले आहे. म्हणजे ती आकाशातून पडलेली नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा गर्दीत दिसावा व दिसता दिसता हरवावा, तसे तिचे काम आहे.

आणि 'द स्पिरिट कॅरीज ऑन'? ते केवळ गोड आहे म्हणून स्मरणात राहते असे मानणे चुकीचे ठरेल. त्यातील चाल श्रोत्याने आधी ऐकलेली असते. अल्बमच्या अगदी आरंभी, 'रिग्रेशन' या लहानशा गीतात, एकट्या गिटारीच्या साथीने ती येऊन जाते, तेव्हा तीत काही विशेष वाटत नाही. मग तासभर गुंतागुंत, आरडाओरड, खून, तालांची उलथापालथ. आणि सर्व ओसरल्यावर तीच चाल, तेच आरंभीचे शब्द, परंतु भरल्या गळ्याने. निकोलस संमोहनात शिरताना जे म्हणाला होता तेच तो आता शंका फिटल्यावर म्हणतो. श्रोत्याच्या अंगावर जो काटा येतो तो चालीचा नव्हे, परत येण्याचा आहे. मधली कसरत गाळून दोन्ही गीते लागोपाठ ऐकून पाहावीत, आम्ही ऐकिली. चाल तशीच गोड, परंतु तिचा परिणाम एखाद्या बऱ्यापैकी भजनाइतकाच झाला.

उलट बाजूचा दाखलाही याच संचाने पुरविला आहे. २०१६ साली त्यांनी 'द अस्टॉनिशिंग' हा अल्बम काढिला: चौतीस रचना, सव्वादोन तासांच्या जवळपास लांबी. पेट्रुचीने येथे बोटांना लगाम घातला, कथा मांडिली, चाली एकामागून एक गोड रचिल्या. कसरतीला कंटाळलेल्या पक्षाला वाटले असेल की, आपली तपश्चर्या फळास आली. आम्ही तो अल्बम तीनदा सबंध ऐकिला, आणि आज त्यातील एकही चाल आम्हांस सांगता येत नाही. चौतीस चालींपैकी प्रत्येक हात जोडून दारात उभी. एकीनेही आपल्याला तिष्ठत ठेविले नाही. जे सहज मिळते ते सहज विसरते, एवढेच याचे कारण नसेल. परंतु कठीण भागांवाचून सोप्या भागाला भाव येत नाही, हे तेथे आमच्या कानांस पटले.

येथवर आम्ही स्मरणीय म्हणजे गुणगुणता येणारी चाल असे धरून चाललो. तेही खरे आहे काय? स्वीडनच्या उमेओ शहरातील 'मेशुगा' हा संच घ्या. त्यांच्या २००८ सालच्या 'ओब्झेन' या अल्बमात 'ब्लीड' नावाची सात मिनिटांवरची रचना आहे. तीत चाल म्हणून काही नाही. गायक आरंभापासून अखेरपर्यंत ओरडतो. आणि तरी ज्याने ती एकदा ऐकिली तो पुन्हा दोन क्षणांत तिला ओळखील. हे कसे होते, ते पाहण्याजोगे आहे.

ड्रम वाजविणारा टोमास हाके याचे हात सरळ चार मात्रांचा ठेका धरतात, आणि पाय पूर्ण वेगळ्या हिशेबाने चालतात. एका मात्रेचे चार समान भाग करावेत. पायांनी वाजणारा व गिटारींनी जसाच्या तसा उचललेला मूळ बोल असा तीन भागांचा आहे, दोन झटपट ठोके आणि दोन त्यांच्या दुप्पट लांबीचे. चारांच्या घरात तीनांचा बोल. तो दर खेपेस मात्रेवरून सरकतो, पुढे जातो, फिरून जागेवर येतो. आमच्याकडील कोणताही तबलजी हे वाक्य वाचून हसेल, कारण आडीच्या लयीचे हे त्याचे रोजचे दळण आहे. परंतु तबलजीला सम सांभाळावी लागते ती इतरांसाठीही. मैफलीत मान डोलविणाऱ्यास बोल कळला नाही तरी सम कळते. 'ब्लीड'मध्ये ते काम हातांच्या ठेक्याने केले आहे. खालचे सर्व जग सरकत असताना वरचा ठोका हलत नाही, म्हणून अशिक्षित श्रोताही मान हालवू शकतो, आणि त्याच्या पायांखालून जमीन जात आहे ही जाणीव त्यास मानेनेच होते. हाके यानेच सांगितले आहे की, या एका रचनेच्या सरावास त्याला अल्बममधील बाकी सर्व रचनांइतका वेळ द्यावा लागला. एवढी मेहनत एकाच गोष्टीसाठी झाली: तो बोल सात मिनिटे न सोडण्यासाठी. 'ब्लीड'मध्ये नव्या कल्पना फारशा नाहीत; एकच आहे, आणि तिचा पिच्छा पुरविलेला आहे. आमच्या मते स्मृतीचे रहस्य येथेही तेच. श्रोत्याजवळ एक गोष्ट ठेवावयास द्यावी, ती त्याच्या हातून निसटू द्यावी, आणि पुन्हा द्यावी. ती गोष्ट चाल असो वा ठेका.

मेशुगाच्या अनुकरणातून एक सबंध पिढी उभी राहिली. तिच्या संगीतास 'जेंट' असे विनोदी नाव पडले. तळहाताने दाबून वाजविलेल्या जड गिटारीच्या आवाजाची ती नक्कल आहे. अमेरिकेतील 'पेरिफेरी' हा तिचा अग्रणी संच. त्यांनी २०२३ साली आपल्या अल्बमचे नावच 'जेंट हा प्रकार नव्हे' अशा अर्थाचे ठेविले. ज्यास आपले आडनाव पाटीवर लिहून खाली 'हे आमचे नव्हे' असे लिहावे लागते त्याची अवस्था सुखाची नसावी. अनुकरण करणाऱ्यांनी मेशुगापासून तारांची संख्या घेतली, खर्ज घेतला, आवाजाची कापणी घेतली. जिद्द मात्र घेतली नाही. मेशुगा एका बोलावर सात मिनिटे काढितात, तर यांच्या रचनेत सात मिनिटांत तीस बोल. प्रत्येक कठीण, प्रत्येक निर्दोष, आणि प्रत्येक आपल्या शेजाऱ्यास अनोळखी.

या उणिवेवर सापडलेला उतारा म्हणजे गोड ध्रुपद. कडव्यात ओरडावे आणि मग अचानक उघड्या आवाजात, चार सरळ मात्रांत, रेडिओवर चालेल अशी ओळ गावी. पेरिफेरीचा गायक स्पेन्सर सोटेलो याचा गळा उत्तम आहे, आणि त्याच्या कित्येक ओळी आम्हांस खरोखर आवडतात. परंतु या रीतीने बांधलेल्या पुष्कळ गाण्यांत ध्रुपद हे कडव्यातून उगवत नाही, त्यावर चिकटविलेले असते. ते काढून दुसऱ्या गाण्यास लाविले तरी दोहोंस कळणार नाही.

हे असे का व्हावे? याचे एक कारण साधनांत आहे. आज संगीत तुकड्यांनी बनते. गिटारीचा एकेक तुकडा संगणकात भरून, कापून, सरळ करून जोडिता येतो. ड्रम तर वाजविल्यावाचूनही लिहिता येतात. खुद्द मेशुगाने २००५ सालच्या 'कॅच थर्टीथ्री' या अल्बमात यंत्राने रचिलेले ड्रम वापरिले, आणि तो अल्बम वाईट नाही; तेव्हा यंत्राचा तिरस्कार करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु तुकड्यांनी बनलेली वस्तू तुकड्यांनीच विकली जाऊ लागली, ही गोष्ट निराळी. पडद्यावरील पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रफितीत पंधरा-वीस सेकंदांचेच संगीत मावते. तेथे परत येण्यास जागा नाही, कारण कोठे जाण्यासच जागा नाही. हजारो मुले त्या खिडकीतून संगीताकडे पाहतात व त्या खिडकीच्या मापाचे वाजविण्यास शिकतात. 'अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स' या संचाचा टोसिन अबासी हा आठ तारांच्या गिटारीचा खरा कलावंत. त्याच्या २००९ सालच्या पहिल्या अल्बमातील 'काफो' ही रचना सबंध ऐकिली तर तिला चढउतार आहे, श्वास आहे. परंतु मुलांच्या हातून आम्ही तिचा ऐकितो तो एकच भाग, सर्वांत वेगाचा. म्हणजे ज्याने सबंध रचिले त्याचेही लोकांनी तुकडे केले. आमच्या पुतण्यास पुढचे का आठवले नाही, याचा उलगडा आम्हांस येथे झाला. त्याने गाणे विसरले नव्हते. ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

हिशेबाच्या संगीताची एक गमतीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लॉस एंजेलिसच्या 'टूल' या संचाने २००१ साली 'लॅटरलस' हा अल्बम काढिला. त्याच नावाच्या गाण्यात गायक ओळींची अक्षरे एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढवितो व पुन्हा उतरवितो. हीच ती फिबोनाचीची माला. इटालियन गणित्याने ती १२०२ साली ग्रंथात मांडिली. परंतु त्याच्या अर्धशतक आधी हेमचंद्राचार्यांनी, आणि त्यांच्याही पूर्वी विरहांकाने, लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना हीच माला सांगितली होती. म्हणजे जी संख्या आपल्याकडे छंदातूनच निघाली ती आठ-नऊशे वर्षांनी पुन्हा अक्षरांत जाऊन बसली, आणि बसविणाऱ्या संचाचा ड्रमवादक डॅनी कॅरी याने आलोक दत्त यांच्यापाशी तबल्याचे धडे घेतलेले आहेत! एवढे असूनही आम्ही हे गाणे कित्येक वर्षे ही गोष्ट ठाऊक नसताना ऐकिले, आणि ते आम्हांस आवडले ते मालेवाचून. ओळ लांबत जाते तसा श्वास लांबतो, मग आखडतो. कानास तेवढे पुरते. गणित भिंतीच्या आत आहे, घराबाहेर टांगलेले नाही.

स्वीडनच्या 'ओपेथ'विषयी अधिक लिहावेसे वाटते, परंतु त्यांची वाट वेगळी. मिकाएल ओकरफेल्ट यास ताल मोजण्यापेक्षा प्रकाश बदलण्यात गोडी. २००१ सालच्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये दहा दहा मिनिटांची गाणी आहेत, आणि त्यांतील कठीण काय हे शोधावे लागते. वादकांच्या पंक्तीत त्यांची गणना इतरांखाली होते, यावरूनच त्या पंक्तीच्या मोजपट्टीची कल्पना यावी.

आपल्या देशातही हे संगीत रुजले आहे. दिल्लीच्या केशव धर याने घरी बसून ध्वनिमुद्रणे करीत उभारलेल्या 'स्कायहार्बर' या संचाचा २०१२ सालचा पहिला अल्बम दोन खंडांचा होता. त्याच्या 'केऑस' या उग्र खंडात मुंबईच्या 'भयानक मौत' संचाचा गायक गायला आहे. तो खंड ऐकताना आम्हांस वर सांगितलेले सर्व दोष आढळले. परंतु २०१४ सालच्या 'गायडिंग लाइट्स'मध्ये त्याच धरने गिटारीला मागे बसविले आणि इंग्रज गायक डॅनियल टॉम्पकिन्स याच्या लांब, चढत जाणाऱ्या ओळींसाठी मोकळी जागा केली. ताल तेथेही विषमच आहेत. मात्र ते गायकाच्या श्वासाखाली वाहतात, त्याला अडवीत नाहीत. दोन वर्षांत एका तरुणाने एवढे अंतर कापिले, याचे आम्हांस कौतुक वाटते. या अल्बमची चर्चा आपल्याकडे व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

पुतण्यास आम्ही यांपैकी काही ऐकविले. उपदेश केला नाही. तो कोणासच रुचत नाही, आणि आम्हांस गिटारीचा 'ग' येत नाही हे त्यास ठाऊक आहे. 'द स्पिरिट कॅरीज ऑन'मधील संथ गिटार ऐकून तो म्हणाला, "हे सोपे आहे, काका." आठ दिवसांनी म्हणाला, "तितके सोपे नाही. तार ओढून स्वर जिथे न्यायचा तिथे जातच नाही." गेल्या रविवारी त्याने 'ब्लीड'चा मूळ बोल गिटारीवर सुरू केला व आम्हांस सांगितले की, तुम्ही फक्त चार मात्रांची टाळी धरा, चुकायचे नाही. आम्ही धरिली. दुसऱ्या आवर्तनापर्यंत ठीक चालले. तिसऱ्यात आमची टाळी त्याच्या बोलामागे फरपटत गेली आणि तो हसून थांबला. "पुन्हा, काका. माझ्याकडे बघू नका, तुमचे तुम्ही मोजा."